भरल्या पानावरून

बाळीवेस, सोलापूर
९ फेब्रुवारी २०२५

प्रभुलिंग,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची रीत आहे. मी तुझी थोरली मामेबहीण, तेव्हा ते लिहायला हवेत. या पत्रात मिळणार नाहीत. पत्र बघून चक्रावू नकोस. १९८८ साली मी शपथ घेतली ती तुझ्याशी मरेपर्यंत न बोलण्याची. लिहिणार नाही असं म्हटलं नव्हतं. जन्मभर मुलींना गणित शिकवलंय, त्यामुळे शपथेत नेमकं काय बसतं आणि काय बसत नाही, हे मला चांगलं कळतं.

रविवारच्या पुरवणीत तुझा लेख वाचला. 'विश्वात खरोखरचा अनंत असू शकतो का?' खाली तुझा फोटो, निवृत्त प्राध्यापक, पदार्थविज्ञान, पुणे. केस काळे करतोस वाटतं.

तू लिहितोस, समजा एक पंगत बसली आहे आणि ती कुठे संपतच नाही. प्रत्येक पानावर माणूस. तेवढ्यात एक पाहुणा उशिरा येतो. वाढपी सांगतो, सगळ्यांनी एकेक पान पुढे सरका. पहिला दुसऱ्याच्या पानावर, दुसरा तिसऱ्याच्या, असं पुढे. पहिलं पान रिकामं झालं, पाहुणा बसला, आणि कुणालाच उठावं लागलं नाही. मग तू हसतोस. म्हणतोस, अशी पंगत कुणी पाहिली आहे का? भरलेली आहे आणि तरी जागा आहे, हा वेडेपणा. म्हणून अनंत कागदावर ठीक, विश्वात नाही.

आधी गणिताचं बोलू. विचित्र आणि अशक्य हे दोन वेगळे शब्द आहेत. आठवीतल्या मुलीला सांगितलं, की जितक्या संख्या तितक्याच सम संख्या, तर ती विचारते, "बाई, मग विषम कुठं गेल्या की?" तिला म्हणायचं, एकाशी दोनाची जोडी लाव, दोनाशी चाराची, तिनाशी सहाची. कुणी उरतं का बघ. कुणी उरत नाही. तिला ते विचित्र वाटतं, पण त्यात खोट सापडत नाही. तुझ्या पंगतीतली खोट तू दाखवलीच नाहीस. नुसता हसलास. हसणं म्हणजे सिद्धता नव्हे, एवढं तरी पुण्यात शिकवत असतील.

आता दुसरं. उदाहरणांना जगात काय तोटा आहे? तुला नेमकी पंगतच का सुचली? त्याचं उत्तर पाठव.

शिवलीला


पुणे
१६ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास शरणु शरणार्थी,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं आणि खुर्चीत बसूनच फोडलं. आई गेली तेव्हाही तू आली नव्हतीस. या निमित्ताने का होईना, लिहिलंस. केस काळे करतो, हे खरं आहे.

तुझा मुद्दा बिनतोड आहे. अनंत पंगतीत तर्काची खोट नाही, कबूल. पण खोट नसली म्हणजे ती गोष्ट जगात आहे असं होत नाही. दुर्बिणीतून आम्हाला दिसतं ते जिथून प्रकाश आजवर इथे पोचलाय तेवढंच. त्यापलीकडे विश्व संपतं की चालू राहतं, कुणाला माहीत नाही. चालू राहतही असेल. 'अजून एक, अजून एक' असं न थांबता वाढत जाणं मला मान्य आहे. पण सगळंच्या सगळं अनंत एकाच वेळी हजर आहे, बसलेलं आहे, असं कुणी पाहिलेलं नाही.

आमच्या विषयात एक गंमत आहे. समीकरण सोडवताना उत्तर अनंत आलं, जसं कृष्णविवराच्या पोटात घनता अनंत येते, तर आम्ही पेढे वाटत नाही. मांडणीत कुठेतरी चूक राहिली असं धरतो आणि मागे जाऊन शोधत बसतो. अजून काहींची चूक सापडलेली नाही, तो भाग वेगळा.

पंगतीचं म्हणशील तर सहज सुचली. आपल्या लोकांना चटकन कळते.

मोठी बातमी म्हणजे माझ्या मुलीचं, काव्याचं लग्न ठरलं. मुलगा अक्कलकोटचा, आपल्यातलाच. साखरपुडा मार्चअखेर अक्कलकोटला, लग्न ४ मे रोजी सोलापुरात. आता आई नाही, मामा नाहीत. आजोळचं म्हणून कुणीतरी माझ्या बाजूला उभं राहावं असं फार वाटतं. येशील?

तुझा,
प्रभू


सोलापूर
२३ फेब्रुवारी २०२५

प्रभुलिंग,

सहज सुचली.

तर मग तुझी आठवण ताजी करते. १९८८, इथे सोलापुरात तुझी थोरली बहीण श्रीदेवी हिचं लग्न. माझे बाबा शिवलिंगप्पा हे तुझे सख्खे मामा, चंद्रव्वाआत्याचे एकुलते एक भाऊ. अंतरपाटाशी ते भाचीच्या मागे उभे राहिले आणि मग जेवायला बसले. पान वाढून झालं होतं. हुग्गी, आपली गव्हाची खीर, तिच्यावर तूप, कडेला शेंगाची चटणी. मागे नवऱ्याकडची माणसं जागेची वाट बघत ताटकळली होती. तू हुग्गीची बादली घेऊन आलास, बाबांपुढे वाकलास आणि म्हणालास, "एळ्री, मामा." आपल्या कन्नडात एळ्री म्हणजे उठा. मी समोरच्या ओळीत होते. माझ्या या कानांनी ऐकलं.

बाबांनी तुझ्याकडे एकदा बघितलं. मग पानाला नमस्कार केला आणि उठले. दारात जाऊन चपला घातल्या. मी त्यांच्या मागे पळाले.

भरल्या पानावरून माणसाला उठवत नाहीत. दारात आलेल्या वैऱ्यालाही आपण म्हणतो, आधी जेव, मग भांड. त्यानंतर बाबा कुणाच्या पंगतीत बसले नाहीत. माझ्या लग्नात ते मांडवभर फिरून लोकांना आग्रह करत होते, आणि घरी येऊन त्यांनी कडक भाकरी ताकात कुस्करून खाल्ली. मरेपर्यंत हे असंच चाललं. आणि तू त्या पंगतीचा विनोद करून पेपरात छापलास, वर म्हणतोस, कुणाला उठावं न लागणारी पंगत हा वेडेपणा आहे. तुमच्या घरी असेल.

तू बोलावलंस, मी येते. पंगतीला बसेन. सगळं वाढून होऊ दे, तूप पडू दे. तुझे नवे व्याही समोर असतील. मग पानाला नमस्कार करीन आणि उठेन. मुलीच्या लग्नात आजोळची थोरली बाई भरल्या पानावरून उठली, हे अक्कलकोटात आणि सोलापुरात किती दिवस बोलतील याचा तूच अंदाज कर.

अनंत काही नसतं म्हणतोस ना? माझा राग घे. दरवर्षी तो निम्मा झाला असं धर, मी काही हट्टी बाई नाही. निम्म्याचा निम्मा, त्याचाही निम्मा. कोणत्या साली तो शून्य होतो ते काढून दाखव. लोक म्हणतात, माझा अंत पाहू नका. मी म्हणते, बघ. सापडला तर कळव.

शिवलीला


पुणे
३ मार्च २०२५

ती. अक्कास शरणु शरणार्थी,

मी मामांना उठवलं नाही. मी तसं कसं म्हणेन? मी त्यांच्या मांडीवर वाढलोय.

आमच्या घरात या गोष्टीची वेगळीच हकीकत आहे. मानपानात काहीतरी राहून गेलं, आहेराचं धोतर हलकं निघालं, म्हणून मामा रुसून गेले, असं आम्ही समजत आलो. वडील म्हणाले, "जाऊ दे, रुसलेत. येतील आपनहून." आले नाहीत. आई त्या रात्री जेवली नाही. मला वाटायचं मामांनी तिचं मन मोडलं. खरं सांगायचं तर मीही त्यांच्यावर रागावून होतो.

निम्म्या-निम्म्याचं तुझं गणित कागदावर बरोबर आहे. पण खऱ्या भाकरीचे निम्मे करत गेलीस, तर लवकरच हातात असा कण राहतो की त्याला भाकरी म्हणता येत नाही. रागाचंही तसंच असावं. एका मर्यादेनंतर तो राग राहत नाही, सवय होते.

आणि अक्का, काव्याच्या लग्नात पंगतच नाही. बुफे ठरलाय. तुझं पत्र वाचून झाल्यावर हे आठवलं आणि बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण पोरीने काय केलंय? तू ये. मला हवं ते बोल, तिच्या दिवसावर सावली नको.

प्रभू


सोलापूर
१० मार्च २०२५

प्रभुलिंग,

बुफे. वा. हातात ताट घेऊन उभ्या असलेल्या माणसाला उठवायची सोयच नाही. तुझ्या घराण्याला शोभेलसं जेवण शोधलंस.

माझे बाबा धोतरासाठी जेवण टाकणारे? मार्केट यार्डात अडतीच्या दुकानावर बसून त्यांनी लोकांना धोतरं वाटली आहेत. हे तुम्ही इतकी वर्षं घरात बसून एकमेकांना सांगितलंत आणि तुम्हाला ते पटलं. आपला तो बाब्या, हे ऐकलं होतं, पण एवढं नाही.

आणि सवय म्हणालास. चहाची सवय असते. कान देऊन ऐक, तो दिवस आठवला की अजून माझी मान तापते. ही सवय असेल तर श्वास घेणं हीसुद्धा सवयच. पोरीला मी काही करणार नाही. तुझ्या तोंडावर मात्र करीन. बुफेत कसं करायचं त्याचा विचार चालू आहे.

शिवलीला


पुणे
७ एप्रिल २०२५

ती. अक्कास शरणु शरणार्थी,

साखरपुडा झाला. त्यात जे घडलं ते लिहितो. शेवटपर्यंत वाच आणि मग फाड.

विहीणबाई, म्हणजे मुलाची आई गुरम्मा, जेवायला बसल्या होत्या. मी त्यांच्यापुढे वाकून विचारलं, काय हवं नको ते सांगा. माझं कन्नड कसलं ते तुला माहीत आहे. दहाव्या वर्षी पुण्यात आलो, आईपुरतं तेवढं उरलं. मला म्हणायचं होतं 'हेळ्री', म्हणजे 'सांगा'. तेवढंच म्हणालो. आणि गुरम्मा हातातला घास ठेवून उभ्या राहिल्या.

मी घाबरून म्हटलं, "बसा की, का उठलात?" त्या म्हणाल्या, "अय्यो, तुमीच उठ म्हनला की. कुनी मोठं मानूस येतंय काय वाटलं." मी म्हटलं, मी सांगा म्हणालो. मग त्यांना हसू फुटलं. "आवो, हेळ्री म्हंजे सांगा. एळ्री म्हंजे उठा. तुमचा ह कुटं गेला?" सगळी बैठक हसली. काव्या तर डोळे पुसत हसत होती. म्हणाली, पप्पा आजीशीसुद्धा असंच बोलायचे, ह नेहमी तोंडातच राहतो.

मी हसलो नाही. बाहेर जाऊन चपलांजवळ उभा राहिलो.

अक्का, श्रीदेवीताईच्या लग्नात मी हुग्गी वाढत होतो. वाढपी प्रत्येकाला विचारतोच, काय वाढू, सांगा. मी मामांना तेच विचारलं असणार. माझ्या मागे वऱ्हाडी ताटकळत उभे. अशा वेळी त्यांना ऐकू आलं ते 'उठा'. तुलाही. मांडणीतली चूक मागे जाऊन शोधतात असं मी लिहिलं होतं ते दिमाखात लिहिलं होतं. ही मला पोरीच्या साखरपुड्यात सापडली.

हे तू मानावंस असा माझा हक्क नाही. बुफे रद्द केलाय. होटगी रोडवरचं कार्यालय आहे, तिथे पंगत बसेल. आचारी कुरकुरला, जावयाकडचे म्हणाले हे काय जुनं काढलंत. कारण कुणाला सांगितलं नाही. तुला उठायचं असेल तर उठता आलं पाहिजे.

प्रभू


सोलापूर
१३ एप्रिल २०२५

प्रभुलिंग,

वाचलं. फाडलं नाही.

वर्गातल्या मुली म्हणायच्या, वही पावसात भिजली. तुझी सबब तिच्यापेक्षा बरी आहे, एवढंच आत्ता म्हणते. लेख लिहिणाऱ्या माणसाला गोष्ट रचायला वेळ लागत नाही. गुरम्मा उठल्या असतील, पण म्हणून बाबाही तसेच उठले हे कशावरून? कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडू शकते. आणि एक 'ह' पडला म्हणून एक माणूस उरलेलं आयुष्य घरी येऊन भाकरी कुस्करत राहिला, हे मान्य करायचं तर मग चिडायचं कुणावर?

सिद्धतेला एकच वाट आहे. मी येते, पंगतीला बसते. हुग्गी घेऊन तूच ये, दुसरा कुणी नको. त्या दिवशी जे म्हणालास असं तुझं म्हणणं आहे, तेच म्हण. मुद्दाम घासून पुसून म्हणू नकोस, मला कळेल. मग मी ठरवीन.

शिवलीला


सोलापूर
७ मे २०२५

प्रभू,

लग्न झालं. पोर गोड आहे. तिला आशीर्वाद तिथेच दिले, तेव्हा इथे पुन्हा लिहीत नाही.

तुझ्या पंगतीत जे झालं ते तू पाहिलंस, पण तुला बादली सावरायची होती, म्हणून माझ्या बाजूने लिहिते.

मी ठरवून भिंतीकडची जागा घेतली. समोरच्या ओळीत गुरम्मा आणि तुझे व्याही. पत्रावळीवर भात आला, चटणी आली, भाजी आली. मी कशालाही हात लावला नाही. शेजारची बाई म्हणाली, "घ्या की, गार होतंय." मी मान हलवली. घरून निघताना मी उठायचंच ठरवलं होतं. तुझं पत्र खरं असो की खोटं. सकाळी बाबांच्या फोटोला हार घालून तसं सांगूनही आले होते.

मग तू आलास. बादली घेऊन माझ्या पानापुढे थांबलास. मागच्या माणसाने तुला ढकललं तेव्हा म्हणालास. दोनच शब्द. "हेळ्री, अक्का," असं तुला म्हणायचं होतं.

मला ऐकू आलं, "एळ्री."

मला सगळं माहीत होतं. तुझं पत्र पाठ होतं. तरी माझे गुडघे उठायला निघाले, प्रभू. हात पानाला नमस्कार करायला जुळले. अंगाने तो शब्द जसा ऐकला तसा ऐकला, डोक्याला विचारलंच नाही. त्या क्षणी मला बाबा कळले. तू केलेला अपमान गिळून, विचार करून, मान राखायला म्हणून ते उठले नव्हते. भाच्याने उठा म्हटलं आणि ते उठले. तुझ्यावर त्यांचा एवढा जीव होता की काय म्हणालास, असं विचारायचंही त्यांना सुचलं नाही.

मी तिथेच अर्धी उठलेली होते. समोर गुरम्मांनी घास हातात थांबवला होता. तुझा चेहरा पांढरा पडला होता. हे मला मिळालं, आणि खोटं सांगत नाही, ते मला गोड लागलं. मी तुला थोडा वेळ तसंच ठेवलं. मग खाली बसले आणि म्हणाले, "वाढ."

शपथ मोडली. तुझ्याशी बोलले. हुग्गी खाल्ली, पुन्हा मागून घेतली. जेवता जेवता मी आत राग शोधत होते. सापडेना. एवढं मोठं, न संपणारं म्हणून मी ज्याच्या जिवावर जगले, ते एका द्रोणात संपलं. तुझा लेख बरोबर निघाला, निदान माझ्यापुरता. विश्वाचं तुम्ही बघा. मला फार रिकामं वाटलं, आणि तुझा फार संताप आला, की तू तेवढंही माझ्याकडे राहू दिलं नाहीस.

घरी आले. दोन दिवस तशीच बसून होते. आज सकाळी भाकरी थापताना लक्षात आलं की गेला तो राग भलताच होता. तो अनंत होता म्हणूनच कुणाच्या दारात कधी गेला नाही. नुसता घरात बसून राहिला. त्याच्या खाली एक दुसरा आहे. लहान आहे, मोजता येतो, आणि त्याला पत्ता आहे.

तू काय म्हणालास आणि बाबांनी काय ऐकलं, ते आता सोडून दे. पण मांडवभर माणसांनी एक म्हातारा भरल्या पानावरून उठताना पाहिला. तुझ्या वडिलांनी पाहिला, तू पाहिलास, चंद्रव्वाआत्याने पाहिला. बाळीवेस तिथून चालत येण्याएवढी जवळ होती. त्या दिवशी कुणी आलं नाही, दुसऱ्या दिवशी नाही, दिवाळीला नाही. रुसलेत म्हणे. रुसलेल्या माणसाकडेच तर जायचं असतं. बाबा दाराची वरची कडी लावायचे नाहीत, मी पाहत होते. मला वाटायचं विसरतात.

या प्रश्नावर तुला कुठलाही 'ह' वाचवणार नाही. कन्नडात विचार नाहीतर मराठीत, तो सारखाच ऐकू येतो.

रविवारी सकाळच्या गाडीने पुण्याला येते. दुपारचं जेवण तुझ्याकडे. बाहेरून काही मागवू नकोस, खाली पाट मांड, समोर तूही बस. मी तोंडाने विचारणार आहे, की एकही माणूस आमच्या दारात का आला नाही. उत्तर मिळेपर्यंत मी उठणार नाही.

अक्का